बँकरनानांची होडी

तुळशीरामनानांनी मला आयुष्यात एकूण चार वेळा पाण्यात पाडलं, आणि त्यातल्या दोन वेळा मी काठावर उभा होतो. हे कुणाला खोटं वाटेल. माझ्या बायकोलाही वाटतं. पण तिनं नानांना पाहिलेलं नाही.

कर्जत स्टेशनात पार्सल ऑफिसात मी नवा कारकून म्हणून लागलो, तेव्हा पुढच्याच स्टेशनाला, पळसदरीला, नानांच्या पडवीला लागून असलेली खोली मला राहायला मिळाली. नाना बँकरचे ड्रायव्हर. ज्यांना बँकर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कर्जतहून खंडाळ्याचा घाट चढायला गाडीला पुढचं एक इंजिन पुरत नाही. मागून आणखी इंजिन लावावं लागतं, ते गाडीला ढकलत ढकलत वर नेतं. तो बँकर. वर पोचलं की त्याला सोडतात. गाडी पुण्याकडे निघून जाते आणि बँकर एकटाच घाट उतरून परत कर्जतला, पुढच्या गाडीच्या पाठीशी उभा. नानांनी हे काम एकतीस वर्षं केलं. गाडीतली माणसं पुढच्या इंजिनाला हात जोडत, त्याच्या ड्रायव्हरला चहा पाजत. मागून आपल्याला कुणी ढकलतंय हे त्यांच्या गावीही नसे.

त्यामुळं ढकलणं नानांच्या हाडात शिरलं होतं. रेशनच्या रांगेत ते शेवटी उभे राहिले की रांग आपोआप पुढं सरके. एकदा तर खुद्द दुकानदार मागच्या दारानं बाहेर पडला. दार ओढायचं असो की ढकलायचं, नाना ढकलूनच उघडत. स्टेशनात ड्रायव्हर लोकांच्या विश्रांतीच्या खोलीला ओढायचं दार होतं. ते नानांच्या धाकानं दोन्ही बाजूंना उघडायला शिकलं. रस्त्यात पुढं चालणाऱ्याच्या पाठीवर पंजा ठेवून ते बोलत, आणि बोलणं संपेपर्यंत तो माणूस त्याला जायचं नव्हतं अशा ठिकाणी पोचलेला असे. मी स्वतः दाढी करायला निघून दोनदा कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत गेलेलो आहे.

त्यांच्या पुतण्याच्या लग्नाची हकीकत अख्ख्या खालापूर तालुक्याला तोंडपाठ होती. नवरा मुलगा पांढरेशुभ्र कपडे घालून जीपमध्ये बसला आणि जीप काही सुरू होईना. वऱ्हाडी चर्चा करीत उभे राहिले. नानांनी चर्चा केली नाही. मागून खांदा लावला. जीप मांडवाच्या एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली, बुद्धवंदनेला उभी राहिलेली माणसं वंदना अर्धी टाकून तिच्यामागं धावली, आणि जीप थांबली ती थेट साजगावला, एका कारखान्याच्या फाटकात. तिथल्या पहारेकऱ्यानं पांढरे कपडे पाहून, नवा सुपरवायझर आला असं समजून त्याला आत घेतलं. लग्न दुपारच्या सुट्टीत उरकावं लागलं. तो पुतण्या पुढं त्याच कारखान्यातून रीतसर निवृत्त झाला. नवरी मात्र सासरी आल्यावर जन्मभर नानांच्या पुढं चालली नाही.

अशा माणसाच्या हाती शिडाची होडी पडावी हे विधिलिखित नसून कामतसाहेबांच्या गुडघ्यांचं काम होतं.

कामतसाहेब मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेले. पळसदरीच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी, त्यांनी छोटा बंगला बांधला होता. शनिवारी येत, सोमवारी जात. एका शनिवारी ते टेंपोत घालून होडी घेऊन आले. लांबी बैलगाडीएवढी, मधोमध एक डोलकाठी, तिला एकच शीड, मागं सुकाणू आणि पोटात खाली सोडायची एक फळी, होडी आडवी घसरू नये म्हणून. बंगल्याच्या चढावर टेंपो अडला. पुढचं सांगायला नकोच. नाना तिथून डबा घेऊन चालले होते. टेंपो वर गेला, बंगल्याचं कुंपण आडवं झालं, आणि होडी टेंपोतून सुटून आपल्या आपण तळ्यात जाऊन तरंगायला लागली. साहेब म्हणत, हिला पाण्यात उतरवायला गोदीत आठ माणसं आणि एक क्रेन लागत असे.

दोनच आठवड्यांत डॉक्टरांनी साहेबांच्या गुडघ्यांकडे बघून होडीत वाकून बसायला बंदी केली. होडी काठावर पालथी पडली. नाना रोज ड्यूटीवर जाताना तिच्याकडे बघत, येताना बघत. शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी साहेबांना विचारलंच. साहेबांनी विचारलं, तुला कशाला हवी रे? आयुष्य गेलं रेल्वेत.

नाना खाली बघत म्हणाले, "सायेब, एकतीस वरसं गाडी हाकली, पन एकदा बी वळवली नाय. जोर आपला, वळन रुळाचं. रूळ न्हेल तिकडं जायाचं. एक तरी वस्तू माज्या हातानं वळवावी असं वाटतंय."

मी तिथंच उभा होतो. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब आणि सर्वांत हळू बोलणं. साहेबांनी पालथ्या होडीकडे बघितलं. मग त्यांनी अट घातली. भाताची झोडणी संपेपर्यंत शिकायला मुदत. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी होडीत एक माणूस बसवायचा, बंगल्यापासून निघून धरणाच्या भिंतीला शिवायचं आणि वल्ह्याला हात न लावता चारच्या आत परत यायचं. जमलं तर होडी नानांची. नाही जमलं तर साहेबांचा भाचा टेंपो घेऊन येणार होता, अलिबागेस न्यायला.

"वारा पाठीमागून असला की कुणीही जातो, तुळशीराम," साहेब म्हणाले. "पाण्यावरचा कचरासुद्धा जातो. परत येणं म्हणजे सेलिंग."

नानांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं. वारा पाठीमागून. हे त्यांना इतकं पटलं की पुढचं ऐकायची त्यांना गरज वाटली नाही.

पहिल्या रविवारी सकाळी घाटावरून खाली गार वारा सुटला होता. नानांनी होडी पाण्यात लोटली, शीड चढवलं आणि तोंडानं शिट्टी घातली. घाटात पुढचं इंजिन शिट्टी देतं, मागचं उत्तर देतं, मगच जोर लावायचा, असा रिवाज. तळ्यात उत्तर कोण देणार? साहेबांचा कुत्रा भुंकला. नानांनी तेवढ्यावर भागवलं. शीड फुगलं आणि होडी अशी सुटली की काठावरच्या पाणकोंबड्यांची पिसं उडून साहेबांच्या चहात पडली. सुकाणूचा दांडा डावीकडे दाबला की होडी उजवीकडे जाते हे साहेब ओरडून सांगत होते. पण नाना दांड्याला हातच लावीत नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी होडीच्या कडा घट्ट धरल्या होत्या आणि ते समोर बघत होते. पुढं मला म्हणाले की मी रूळ शोधत होतो.

समोर धरणाची भिंत होती. भिंतीखाली आठ-दहा बाया धुणं धूत होत्या. होडी आली, भिंतीला शिवली, आणि ज्या जोरानं शिवली त्या जोरानं नाना भिंतीवर जाऊन बसले. बायांचं सगळं धुणं शिडाला गुंडाळलं गेलं. असं म्हणतात की त्या दिवशी होडीनं धरणात पाडलेली भेग पुढच्या पावसाळ्यापर्यंत गळत होती. पण असं मीच म्हणतो, तेव्हा त्यावर फार जाऊ नका.

परत कसं यायचं हा प्रश्न नानांनी आपल्या पद्धतीनं सोडवला. होडीला दोर बांधला आणि काठाकाठानं ओढत, गुडघाभर चिखलातून ती बंगल्यापर्यंत आणली. दुपारी दोनला ड्यूटीवर हजर व्हायचं असे, त्यामुळं बाराच्या आत हे सगळं उरकावं लागे. पुढचे पाच-सहा रविवार असेच गेले. जाताना आठ मिनिटं, येताना अडीच तास. भिंतीकडच्या लोकांना मात्र याची सोय झाली. बंगल्याच्या बाजूचे लोक भिंतीकडच्या नातेवाइकांना भोपळे, लोणच्याच्या बरण्या, एकदा एक कोंबडी, असं नानांबरोबर धाडू लागले. परतीचं सामान कुणी देत नसे. दिलेली मेथी बंगल्यापर्यंत सुकून पोचे.

सरपंच होडीत बसले ती चूक कुणाची यावर गावात मतभेद आहेत. सरपंच म्हणत, मला नानानं बोलावलं. नाना म्हणत, मी फक्त पाठीवर हात ठेवला होता. नव्या टोपीत, नव्या धोतरात सरपंच मध्ये बसले. तळ्याच्या मध्यावर गेल्यावर नानांना एकदम सुकाणूची आठवण झाली, आणि आजवर न हलवलेला दांडा त्यांनी एकदाच, पण मनापासून हलवला. होडी जागच्या जागी फिरली. शिडाखालचं आडवं लाकूड सरपंचांच्या डोक्यावरून पलीकडे गेलं. सरपंच वाचले, टोपी गेली, आणि टोपी धरायला सरपंच गेले. पाणी छातीएवढंच होतं. पण सरपंचांनी जी हाक मारली ती कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर ऐकू आली आणि कुणाची तरी गाडी सुटली असं समजून दोन हमाल धावले. त्यानंतर नानांच्या होडीत बसायला माणूस मिळेना. मला विचारलं तेव्हा मी माझी प्रकृती नाजूक असल्याचं सांगितलं. तेव्हा माझं वजन एकशे ऐंशी पौंड होतं.

मुदत सरत आली तशी साहेबांना दया आली. व्हरांड्यात खुर्चीवर बसून त्यांनी पाटीवर खडूनं रेघा मारून दाखवल्या. वारा समोरून येत असला की सरळ जाता येत नाही. तिरकं जायचं, काठ जवळ आला की दुसऱ्या अंगानं तिरकं, परत तिरकं. असं करत करत वाऱ्याच्या तोंडावर चढायचं.

नानांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "म्हंजे रिव्हर्शिंग."

साहेब गोदीतले. त्यांना वाटलं, हा काहीतरी रेल्वेचा शब्द, असेल तेच. ते हो म्हणाले. तिथं घात झाला.

नानांचे वडील घाटात रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते. त्या काळी घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी चढत चढत एका कड्यापाशी थांबे. पुढं जागाच नाही. मग पुढचं इंजिन सोडून मागं आणून जोडत, शेपूट होतं ते तोंड होई, आणि गाडी उलट्या दिशेनं तिरकी वर चढे. नानांचं बालपण त्या कड्यावर गेलेलं. त्यामुळं साहेबांनी पाटीवर काढलेल्या रेघा त्यांना जन्मापासून पाठ होत्या. फक्त होडीत शेपटाचं तोंड करत नाहीत, तोंडच फिरवतात, हे सांगायचं साहेबांना सुचलं नाही, आणि विचारायचं नानांना.

पुढच्या रविवारी नाना भिंतीपासून तिरके निघाले. पहिली रेघ इतकी सुरेख गेली की काठावर आम्ही टाळ्या वाजवल्या. काठ जवळ आल्यावर त्यांनी शीड उतरवलं. मागचं सुकाणू काढलं, काथ्याच्या दोरीनं होडीच्या नाकाला बांधलं, स्वतः उठून उलटे तोंड करून बसले, शीड चढवलं आणि शिट्टी दिली. यात पंचवीस मिनिटं गेली. मग होडी पार्श्वभाग पुढं करून चालू लागली. चालू लागली म्हणजे फिरू लागली. मी अकरा गिरक्या मोजल्या. बाराव्या गिरकीला पाण्यात बसलेल्या म्हशींना भोवळ आली आणि त्या एकामागोमाग एक उठून घरी गेल्या. त्या दिवशी त्यांनी दिलेलं दूध घुसळलेलंच निघालं, असं त्यांच्या मालकाचं म्हणणं होतं.

साहेब हसले नाहीत. पाण्यातून बाहेर आलेल्या नानांचं डोकं त्यांनी टॉवेलनं पुसलं आणि मग शांतपणे, पहिल्यापासून, सुकाणू जागचं न हलवता नाक कसं फिरवायचं ते सांगितलं. परीक्षेला एकच आठवडा उरला होता.

तो आठवडा नाना घरात कसे वागले ते पडवीच्या भिंतीतून मला ऐकू येत होतं. जेवताना ताट फिरवायचे, अंगणात झाडू घेऊन तिरके चालायचे, आडवे वळायचे. सोनूमावशी, त्यांची बायको, दिवसभर खळ्यावर असायची. भात झोडून उफणायचं काम होतं. संध्याकाळी केसात तूस घेऊन घरी आली की तिला हा नाच बघावा लागे. होडीवर तिचा आधी रागच होता. नानांचे सदोतीस कपडे चिखलात गेले होते आणि ते तिनंच धुतले होते. पण शनिवारी माणूस मिळेना म्हणून नाना अंगणात डोक्याला हात लावून बसले, तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, मी बसते.

नानांचा विश्वास बसेना. माझाही. मी विचारलं, मावशी, भीती नाही वाटत?

"वाटती की रं," ती म्हणाली. "पन पुढल्या साली ह्यांची नोकरी सुटायची. होडी गेली तर ह्यो मानूस घरात बसल आन मला ढकलत फिरल. त्यापरीस पानी बरं."

रविवारी सगळं गाव तळ्यावर. नानांनी ड्यूटीची रजा टाकलेली. वरच्या काठावर वेताच्या खुर्चीत कामतसाहेब, हातात घड्याळ. त्यांच्या मागं भाच्याचा टेंपो, दोर आणि ताडपत्री तयार. भाचा भला माणूस होता, पण त्यानं ताडपत्री इतकी नीट घडी घालून ठेवली होती की नाना तिच्याकडे बघायचं टाळत होते. सोनूमावशी फडक्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून, पदर खोचून होडीत जाऊन बसली. सरपंच शंभर पावलं मागं, आंब्याला धरून उभे.

दहा वाजता घाटावरच्या वाऱ्यानं होडी सुटली. या खेपेला नानांनी भिंतीशी जाताना सुकाणू हाताळलं. होडी भिंतीला शिवली ती नुसती खांद्यानं खांदा लागावा तशी. मग त्यांनी नाक फिरवलं. शीड एकदा फडफडलं, दुसऱ्या अंगाला भरलं, आणि होडी वाऱ्याला तिरकी चढू लागली.  एकतीस वर्षं सरळ गेलेला माणूस वळला होता. मला वाटतं साहेबांचेही डोळे ओले झाले, पण ते म्हणाले ऊन लागतं.

एक रेघ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. होडी तळ्याच्या मध्यावर आली आणि वारा पडला.

पडला म्हणजे मेलाच. शीड वाळत टाकलेल्या लुगड्यासारखं खाली लोंबलं. तळं असं गुळगुळीत झालं की वरून उडणारा बगळा स्वतःला बघून दचकला. साडेअकरा झाले. बारा झाले. नानांनी शिडावर फुंकर घातली. डोलकाठीला मागून खांदा लावून होडीतल्या होडीत तिला ढकललं. साहेब काठावरून ओरडत होते, पण नानांचं तिकडं लक्ष नव्हतं. भाच्यानं ताडपत्री उलगडली.

मग नानांची नजर वल्ह्याकडे गेली. वल्हं मावशीच्या खाली होतं. ती त्यावर मांडी घालून बसली होती. पुढचं सगळं मध्यान्हीच्या शांततेत पाण्यावरून आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"उठ गं."

"नाय."

"अगं, चार वाजले की गेली होडी. दोनच हात मारतो, कुनाला नाय दिसायचं."

"अख्खं गाव बसलंय समोर, आन म्हनं नाय दिसायचं. वल्ह्याला हात लावला की आत्ताच गेली होडी. बसा गप."

"आन वारं?"

मावशीनं फडकं सोडलं. भाकरी मोडली. अर्धी नानांच्या हातावर ठेवली.

"वारं जेवाया गेलंय," ती म्हणाली. "मी पस्तीस वरसं उफनती. सकाळी सूप घाटाकडं तोंड करून धरायचं. दुपारी वारं पडतंय, तवा बाया बी भाकरी खात्यात. मंग समिंदराकडनं येतंय, तवा तोंड फिरवायचं. जातंय कुठं? रोज येतंय."

 दुपारी दोनला नाना रोज ड्यूटीवर असत. साहेब जेवून दारं लावून झोपत. दुपारचं पळसदरीचं वारं त्या दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. ते खळ्यावरच्या बायांच्याच ओळखीचं होतं.

नानांनी भाकरी खाल्ली. मग बसले. त्या माणसाला स्वस्थ बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पहिला अर्धा तास त्यांचा डावा पाय हलत होता. मग तोही थांबला. दोघं काहीतरी हळूहळू बोलत होते, ते मात्र आम्हाला ऐकू आलं नाही. गाव कंटाळून जेवायला गेलं, जेवून परत आलं. साहेब खुर्चीत घोरू लागले. अडीच झाले, तीन झाले. भाचा माझ्याजवळ येऊन विचारून गेला की होडी आत्ताच बांधायला घेतली तर चालेल का. मी म्हटलं, आधी ती काठाला तर येऊ दे.

सव्वातीनला भिंतीकडच्या पाण्यावर काटा उभा राहिला. मग पाण्यावर सुरकुत्या धावत आल्या. शीड एकदा हललं, आणि भरलं. वारा समुद्राकडचा, म्हणजे बरोबर पाठीमागून. नानांच्या अंगात बँकर संचारला. ते अर्धवट उठले, होडीनं नाक खाली घातलं आणि ती आमच्या दिशेनं अशी निघाली की सरपंच न बोलता आंब्यावर चढले. साहेबांना जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. खुर्ची काठाच्या अगदी कडेला होती आणि होडी सरळ खुर्चीवर येत होती. साहेबांना गुडघ्यांमुळं पटकन उठता येईना.

मावशीनं एवढंच म्हटलं, "आवं, आता वळा."

नानांनी दांडा दाबला. घाईनं नाही. कपात चमचा फिरवावा तसा. होडी काठापासून हातभर अंतरावर गर्रकन फिरली, नाक वाऱ्यात गेलं, शीड रिकामं होऊन फडफडलं, आणि होडी साहेबांच्या पायाशी आडवी येऊन उभी राहिली. खुर्चीवर चार थेंब उडाले. मी बाजूला होतो, मी मात्र पाण्यात पडलो. काठावर उभा असून पडलो त्या दोन वेळांपैकी ही एक.

साडेतीन झाले होते. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग नानांकडं बघितलं. म्हणाले, हे काही खरं नाही. पाऊण वाट वारा पाठीशी घेऊनच झाली. मधे तुम्ही चार तास नुसते बसून राहिलात. याला सेलिंग म्हणत नाहीत.

नाना मान खाली घालून उभे. मावशी होडीतून उतरत होती, ती तशीच थांबली आणि बोलली.

"सायेब, वल्ह्याला हात लावू नका म्हनला, नाय लावला. चारच्या आत या म्हनला, आलो. थांबू नका असं तुमी कुटं म्हनला व्हता?"

 साहेबांना हसू आलं, आणि ते इतकं हसले की गुडघे दुखायला लागले. त्यांनी होडीचा दोर उचलला आणि नानांच्या हातात दिला. भाच्याला म्हणाले, गुंडाळ ताडपत्री. भाच्यानं ती पुन्हा तितकीच नीट घडी घातली. नानांना दोर धरून काय करायचं ते सुचेना. ते तो दोन्ही हातांनी धरून बराच वेळ तसेच उभे होते, आणि त्यांनी कुणालाही ढकललं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली मनमाडला झाली आणि पळसदरी सुटली. नानाही त्याच सुमारास निवृत्त झाले. दहा-बारा वर्षांनी एकदा खोपोलीला जाताना मी मुद्दाम मध्ये उतरलो. मार्गशीर्ष होता, बाराचा सुमार. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. मधोमध होडी उभी होती, शीड लोंबतं. सोनूमावशी सुकाणूशी बसून सुपातले खडे निवडत होती आणि एकेक पाण्यात टाकत होती. डोलकाठीच्या बुडाशी उशाला हात घेऊन, तोंडावर टोपी ठेवून नाना झोपले होते. केस पार पांढरे झालेले.

मी काठावरून हाक मारली. मावशीनं कपाळावर हात धरून बघितलं, ओळखलं, आणि नानांना पायानं हलवलं. त्यांनी टोपी थोडी वर केली. एक डोळा उघडला.

"किती वाजलं रं, बाबू?"

मी म्हटलं, सव्वाबारा. माझी गाडी एकला आहे, नाना, तेवढ्यात काठाला याल का?

त्यांनी शिडाकडे बघितलं, भिंतीकडच्या पाण्याकडे बघितलं.

"नाय जमायचं," ते म्हणाले. "तू तीनला ये." आणि टोपी परत तोंडावर ओढून घेतली.